नवा जन्म म्हणजे पुनर्जन्म नव्हे

नमस्कार मंडळी. ‘पुनर्जन्म’ म्हटलं की आपल्याला चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात. मराठी ख्रिस्ती बोलीत म्हणून शब्दच वेगळा आहे: नवा जन्म. तो याच देहात होतो, मरणाआधी.

बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, अध्याय ३ उघडा. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, रात्री येशूकडे येतो. येशू जन्माबद्दल बोलताना योहानाच्या ग्रीकमध्ये शब्द आहे ‘आनोथेन’. त्याचे अर्थ दोन: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिलाच धरतो आणि विचारतो, म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा शिरणार? गल्लत तिथंच होते. येशू सांगतो, पाण्यापासून आणि आत्म्यापासून.

आता थेट बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती १:२. सगळीकडे पाणी, त्यावर देवाचा आत्मा. तीच जोडी! पुढे २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, आणि योहान २०:२२ मध्ये मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांवर फुंकर घालतो. उत्पत्तीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि योहानात क्रियापद एकच आहे.

पण नवा जन्मच का, माणसाची नुसती डागडुजी का पुरत नाही? आपली सोलापुरी चादर घ्या. जॅकार्ड मागावर नक्षी उतरते ती पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या भोकांवरून. एक भोक चुकलं, की मोराच्या मानेवरचा तोच दोष प्रत्येक चादरीत. मग कितीही धुवा. पापाबद्दल शिकवण हेच म्हणते: दोष मुळात आहे. उपमा इथवरच हं, चुकीचं कार्ड फेकतात, माणसाला देव फेकत नाही. २ करिंथ ५:१७ मधली ‘नवी उत्पत्ती’ त्याच माणसाची असते.

तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, क्रम इफिस २:८-१० मध्ये आहे: कृपा, विश्वासानं ती स्वीकारणं, मग सत्कर्मं. लोक नेमका तो उलटा करतात. आधी उपास, दानधर्म, मग देव पावेल. पहिल्या दिवशी उजेड झाला, तेव्हा उजेडानं आधी काय कमावलं होतं?

बाप्तिस्म्यावर मात्र मतभेद आहेत. कॅथलिक शिकवणीत नवा जन्म बाप्तिस्म्यातच होतो, तान्ह्या बाळाचासुद्धा. बॅप्टिस्ट मंडळ्यांत आधी विश्वास, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा.

आणि निकदेम? त्याचा नवा जन्म झाला, असं बायबल कुठं सांगत नाही. योहान १९:३९ मध्ये तो येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो. आजच्या मापानं जवळजवळ ३३ किलो.