कमाटीबागेत षड्ज लागतो तेव्हा

(काळा घोडा चौक. उन्हं कललेली. फाटकातून आत शिरणारी माणसं.)

मे महिना. सहा वाजून गेलेत, तरी काळ्या घोड्याच्या चौकातला डांबरी रस्ता अजून तापलेलाच आहे. फाटकातून चार पावलं आत आलं की मात्र हवा बदलते. नुकतंच पाणी मारलेली हिरवळ, जुनी झाडं आणि पलीकडे विश्वामित्री नदी. कागदोपत्री ही सयाजीबाग. बडोदेकर, मराठी असो की गुजराती, कमाटीबागच म्हणतो.

१८७९ साली ही बाग लोकांना खुली झाली. महाराज सयाजीराव तेव्हा सोळा वर्षांच्या आतबाहेर होते. शंभर एकरांहून मोठी ही जागा, आणि तिच्यातला संस्थानकाळचा बँडस्टँड. आजचं गाणं तिथंच आहे. तिकीट नाही, पास नाही. सतरंजी अंथरलेली आहे, येऊन बसायचं.

(सतरंजीवर बसणारे लोक. पुढच्या रांगेत आज्या.)

दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मंडळी तासभर आधीच आली आहेत. “इकडे या हो काकू, इथं वारा लागतो,” म्हणत जागा धरली जाते. एक लहान मुलगा आजीचा हात सोडून थेट तंबोऱ्यापाशी जाऊन उभा राहिला आहे.

(तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, अगदी जवळून.)

खोलीत लावून आणलेला तंबोरा उघड्यावर आला की उतरतो. साथीला बसलेली विद्यार्थिनी तार आणि घोडी यांच्यामधलं सूत केसभर पुढं सरकवते, केसभर मागं घेते. तार नुसतीच वाजते, वाजते... आणि एका जागी एकदम झणकारते. जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंज, खुलली. तबलजींचंही तेच चाललं आहे. ओल्या हिरवळीच्या दमट हवेनं चामडं सैलावतं, म्हणून गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, हातोडीचे हलके ठोके. या लावालावीला कुणी कंटाळत नाही. बडोद्याचा श्रोता ती ऐकायलाच लवकर येतो.

त्याला कारण आहे. १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयानं उस्ताद मौलाबक्षांनी इथं गायनशाळा काढली. दरबारात आणि घराण्यांत राहिलेलं गाणं सामान्य घरांतली मुलं शिकू लागली. सूरसागर तलावाकाठी आज तीच परंपरा विद्यापीठात चालू आहे. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारगायक. १९५० साली त्यांनी देह ठेवला तोही याच शहरात. अशा गावात गाणं कान देऊन ऐकलं जाणारच.

(सूर्यास्त. आलाप सुरू होतो.)

सूर्य मावळतोय. गायिकेनं पूरिया धनाश्री धरला आहे. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म). संधिप्रकाशाचा राग. वातानुकूलित सभागृहात रागांच्या वेळा आपण विश्वासानं मानतो, कारण तिथं दुपारही नसते आणि संध्याकाळही. इथं त्या डोळ्यांना दिसतात. तो रिषभ लागतो तेव्हा झाडांमागचं आकाश खरोखरच तांबूस झालेलं असतं. मला वाटतं, या गाण्याचं खरं घर हेच.

इथं आवाज परत द्यायला भिंती नाहीत. पण सूर्य बुडाला की जमीन आधी निवते, तिच्यालगतची हवा थंड होते, वर मात्र ऊबच राहते. मग वर निसटणारा आवाज वाकून खाली येतो आणि दूरवर पोहोचतो. म्हणून तर पलीकडच्या वाटेवर भराभर चालणारे एक काका थबकले आहेत. गाण्याच्या हॉलची पायरी ते कधी चढले असतील की नाही, कोण जाणे. आत्ता मात्र झाडाला टेकून ऐकताहेत.

(दिवे लागलेले.)

अंधार पडतो आणि यमन सुरू होतो. रिषभ शुद्ध, धैवतही शुद्ध. मनावरचा ताण सैल होतो. मग एक मराठी अभंग आणि त्याला लागूनच गुजराती भजन. टाळ्यांचा ठेका दोन्हींना एकच, आणि पुढच्या रांगेतल्या आज्यांना दोन्ही पाठ.

(सतरंज्या गुंडाळल्या जाताहेत.)

विद्यार्थिनी तंबोऱ्यावर गवसणी चढवतेय. तो मुलगा अजून तिथंच आहे. ती थांबते, गवसणी अर्धी खाली घेते. “हळू हं.” तो खर्जाची तार छेडतो आणि भोपळ्याला कान लावून बसतो. आजी फाटकाकडून हाका मारतेय. त्याला त्या ऐकू येत नाहीत.