नळाचं पाणी आणि घरची बिअर: आधी अल्कलिनिटी बघा

(पडद्यावर: पाणी तपासणीचा अहवाल)

अहवालात आकडे पुष्कळ असतात. बिअर करणाऱ्याला त्यांतले सहाच लागतात: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट, क्लोराइड आणि अल्कलिनिटी. पण सर्वांत आधी बोट ठेवायचं ते शेवटच्या आकड्यावर.

बरेच जण टीडीएस मीटर बुडवतात आणि पाणी चांगलं की वाईट ते ठरवून टाकतात. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात कोणता क्षार किती, हे त्यावरून कळत नाही. जडपणालाही उगीच घाबरू नये. जड पाण्यातलं कॅल्शियम माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फॉस्फेटशी संयोग पावतं आणि मॅशचा, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचा, पीएच खाली आणतं. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, तो वर ढकलते. या दोघांच्या ओढाताणीत काय उरतं, ते महत्त्वाचं.

(पडद्यावर: आकडेमोड)

हिशोब सोपा आहे. कॅल्शियमला 1.4 ने भागा, मॅग्नेशियमला 1.7 ने, आणि दोन्ही उत्तरं अल्कलिनिटीतून वजा करा. समजा, एका लिटरमध्ये कॅल्शियम 40 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 12 आणि अल्कलिनिटी 180 आहे. उरते सुमारे 144. एवढ्या पाण्यात फिकट माल्टचा मॅश 5.9 च्या आसपास जातो. हवा असतो 5.2 ते 5.6. पीएच चढला की साखर कमी सुटते, हॉप्सचा कडूपणा खरखरीत लागतो आणि बिअर बेचव होते.

एककं मात्र नीट वाचा. सर्वाधिक चुका इथेच होतात. कॅल्शियमचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिला असेल, तर त्याला 0.4 ने गुणल्यावर खरं कॅल्शियम मिळतं. अल्कलिनिटीऐवजी बायकार्बोनेट दिलं असेल, तर 1.22 ने भागा. सल्फेट गंधकाच्या रूपात नोंदवलं असेल, तर तिप्पट करा. अहवाल नसेल, तर मत्स्यालयासाठी मिळणारा, अल्कलिनिटी मोजणारा केएच संच चालतो: एक अंश म्हणजे लिटरमागे 17.9 मिलिग्रॅम. पाण्याचा स्रोत ऋतूनुसार बदलत असेल, तर हा संच अहवालापेक्षाही भरवशाचा.

डब्लिनच्या पाण्यात अल्कलिनिटी भरपूर, म्हणून तिथे काळी स्टाउट जमली. भाजलेल्या माल्टची आम्लता ती झेलते. पिल्सेनचं पाणी जवळपास क्षारमुक्त, तिथे फिकट लागर. पाण्याने बिअरचा प्रकार ठरवला, तो असा.

(पडद्यावर: वजनकाटा, जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड)

आता उपाय. आपल्या उदाहरणात निम्मं आरओचं पाणी मिसळलं की अल्कलिनिटी 90 वर येते, पण कॅल्शियमही 20 होतं. मग 10 लिटरमागे 1 ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि 1 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. कॅल्शियम 70 च्या घरात जातं. सल्फेट 56 ने आणि क्लोराइड 48 ने वाढतं. सल्फेटने हॉप्स धारदार होतात, क्लोराइडने माल्ट भरदार लागतो. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून बरणी घट्ट बंद ठेवा. ओलसर पूड मोजली तर वजन फसवं येतं.

एवढं करूनही फिकट माल्टचा मॅश 5.6 च्या वरच राहील, कारण शुद्ध पाण्यातसुद्धा तो 5.7 च्या आसपास बसतो. इथे 88 टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल घ्या. ते एकेक मिलिलिटर घालून ढवळायचं आणि मोजायचं. आरओशिवाय फक्त आम्लावर भागवायला गेलं तर आंबट चव उतरते. मोजताना नमुना 25 अंशांपर्यंत थंड करा. गरम मॅश सुमारे 0.3 कमी दाखवतो, आणि मीटरमधली तापमान-दुरुस्ती हा फरक भरून काढत नाही.

घरगुती वॉटर सॉफ्टनरचं पाणी टाळा. कॅल्शियम काढून सोडियम घालतो, अल्कलिनिटी तशीच ठेवतो, दोन्हीकडून नुकसान.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन उकळून सहज जात नाही, आणि त्यातून औषधी वास येतो. 20 लिटरला सुमारे 0.12 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. काही मिनिटांत काम होतं.

माल्ट धुण्याच्या पाण्यालाही थोडं आम्ल द्या. शेवटी साखर संपत येते, पीएच 6 च्या वर चढतो आणि सालीतलं टॅनिन उतरून बिअर तुरट होते.