रेडिओवर कोण ऐकतंय?

गोंदूरच्या धावपट्टीवरून उठणारी शिकाऊ विमानं धुळेकरांना नवीन नाहीत. तिकडे शिरपुरातही तेच. आवाज आला की आपण वर बघतो, विमान दिसतं, विषय संपतो. आत बसलेलं पोरगं मात्र सारखं बोलत असतं: मी कुठं आहे, किती उंचीवर आहे, आता काय करणार आहे. या बोलण्यासाठी त्याला आरटीआर नावाची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि बऱ्याच पोरांना तिची धास्ती उड्डाणापेक्षा जास्त असते. ती असायलाच हवी, असं माझं मत. नोकरीची सगळी वर्षं मी याच रेडिओच्या दुसऱ्या टोकाला, विमानांना सूचना देणारा कंट्रोलर म्हणून काढली आहेत.

लोकांना वाटतं, कंट्रोलर म्हणजे टॉवरच्या काचेच्या खोलीतला माणूस. तो धावपट्टी आणि तिच्या आसपासचं बघतो. बाकी आम्ही रडारच्या पडद्यासमोर, कानाला हेडसेट लावून. समोर एक ठिपका आणि कानात एक आवाज, एवढ्यावर सगळा कारभार.

आम्ही सूचना दिली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची. उंची, दिशा, धावपट्टीचा नंबर, सगळं. याला रीडबॅक म्हणतात. रावेरकडचा केळीचा व्यापारी फोनवर भाव सांगताना ‘बारा, एकावर दोन’ म्हणतो आणि समोरच्याकडून वदवून घेतो, तोच हा प्रकार. पण खरी गोम पुढे आहे. सूचना देऊन झाली की कंट्रोलरचं डोकं पुढच्या विमानाकडे वळलेलं असतं. रीडबॅक कानावर पडतो खरा, पण आपण सांगितलं तेच तो म्हणतोय, असं मन आधीच धरून चालतं.

क्वालालंपूरला १९ फेब्रुवारी १९८९ रोजी नेमकं हेच झालं. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ विमान सिंगापूरहून येत होतं. सकाळचे साडेसहा वाजले असतील. कंट्रोलरला विमान २,४०० फुटांवर आणायचं होतं, पण त्याने आकडे सुटे सुटे म्हटले: ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. यातला ‘टू’ म्हणजे दोन. कॉकपिटमध्ये तो ‘पर्यंत’ या अर्थाने ऐकला गेला. मग उरलं काय? चारशे. ‘ओके, फोर झीरो झीरो,’ असं उत्तर गेलं. दोन हजार फुटांची चूक रेडिओवर स्वच्छ ऐकू येत होती, ती कुणी पकडली नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र विमानात ओरडत होतं, त्याकडेही लक्ष गेलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले. उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ अशी सांगायची पद्धत आहे, ती उगाच नाही.

वैमानिकांचं इंग्रजी सुधारा म्हणजे प्रश्न मिटला, असं सांगणारे मला नेहमी भेटतात. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीची किमान पातळी ठरलेली आहे आणि ते चांगलंच झालं. पण क्वालालंपूरचं विमान अमेरिकी कंपनीचं होतं. तिथे इंग्रजी कच्चं असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा प्रकार मला जास्त अस्वस्थ करतो. २५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलेलं. उतरण्याचा एक प्रयत्न फसला. कॅप्टन सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये म्हणाला, त्यांना सांग, आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिकाने दिशेचा आकडा परत म्हटला आणि शेवटी जोडलं, आमचं इंधन संपतंय. इमर्जन्सी हा शब्द काही त्याने उच्चारला नाही. कंट्रोलरने ‘ओके’ म्हटलं. पुढे कंट्रोलरने विचारलंसुद्धा, थोडं लांबून आणतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर आलं, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ टाकी कोरडी पडायला आलीय आणि माणूस आभार मानतोय! इंजिनं बंद पडली, १५८ पैकी ७३ जण गेले. गर्दीच्या वेळी इंधन कमी असल्याचं कंट्रोलरच्या कानावर पुष्कळदा पडतं. ‘मेडे’ ही इमर्जन्सीची हाक दिल्याशिवाय बाकीची विमानं बाजूला केली जात नाहीत.

आपल्याकडचं म्हणजे हरियाणातलं चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. सौदी विमानाला १४,००० फूट दिले होते, समोरून येणाऱ्या कझाक विमानाला १५,०००. कझाक विमान त्याखाली उतरलं, दोन्ही हवेतच धडकली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्र नव्हतं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवरही उंची दिसत नसे. म्हणजे बोललेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याखेरीज कंट्रोलरच्या हातात काही नव्हतं. विमानांत टक्कर टाळणारं टीकॅस आपण सक्तीचं केलं ते त्यानंतर.

आता समुद्रावरच्या लांबच्या मार्गांवर सूचना मजकूर म्हणून थेट कॉकपिटच्या पडद्यावर जातात. चुकीचं ऐकण्याचा प्रश्न मिटला, तर मग सगळीकडे हेच का करत नाही, असं तरुण पोरं विचारतात. त्यांना मी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरचं सांगतो. २७ मार्च १९७७, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन ७४७. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाने परवानगी नसताना उड्डाणासाठी धाव घेतली. त्यांचं रेडिओवरचं बोलणं दुसऱ्या, पॅन अ‍ॅमच्या विमानातल्या वैमानिकांनी ऐकलं आणि आम्ही अजून धावपट्टीवर आहोत, असं तातडीने सांगितलं. त्याच क्षणी टॉवरही बोलला, थांबा म्हणून. विमानाच्या रेडिओवर दोघं एकदम बोलले की शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. त्यात दोघांचंही बोलणं बुडालं. नंतर केएलएमच्या फ्लाइट इंजिनीअरने शंका काढली, पण कॅप्टनने ती उडवून लावली. ५८३ माणसं गेली.

तिथे ते जमलं नाही हे खरं, पण धोका आधी ओळखला तो तिसऱ्याच माणसाने, दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं म्हणून. मजकूर फक्त ज्याचा त्यालाच दिसतो. समुद्रावर तो ठीक आहे, तिथे अंतरं मोठी असतात. धावपट्टीजवळ मात्र मला आवाजच हवा आणि तो सगळ्यांच्या कानावर पडायला हवा.