‘मिसेस मॉटली’ म्हणायचं नाही

जॅक्सन, मिसिसिपी. फेडरल कोर्टाची खोली. न्यायाधीशांच्या खुर्चीमागे भिंतभर रंगवलेलं चित्र, त्यात कापूस वेचणारी काळी माणसं आणि बँजो वाजवणारा एक जण. 1962 साली त्याच चित्राकडे तोंड करून एक उंच कृष्णवर्णीय वकील उभी आहे. कॉन्स्टन्स बेकर मॉटली. अशील जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि मागणी एवढीच की फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या राज्याच्या विद्यापीठात त्याला प्रवेश मिळावा.

दक्षिणेतल्या कोर्टांत गोरे वकील त्यांना ‘मिसेस मॉटली’ म्हणायचं टाळत. अहो-जाहो कुणाला आणि अगं-तुगं कुणाला, यात काय काय दडलेलं असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपण त्यांना मॉटलीबाई म्हणू.

त्यांचे वडील येल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या क्लबांत आचारी. मुलीला वकील व्हायचं होतं, कॉलेजला पैसे नव्हते. गावातल्या एका सभेत तिचं बोलणं ऐकून एका गोऱ्या उद्योजकानं शिक्षणाचा खर्च उचलला. कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी 1946 ची, पण नागरी हक्कांचे खटले लढवणारे वकील थर्गुड मार्शल यांच्या कचेरीत त्या आधीच रुजू झाल्या होत्या. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन खटल्याच्या दाव्याचा पहिला मसुदा त्यांच्याच हातचा.

मेरेडिथच्या सुनावणीसाठी जाताना गाडी मिसिसिपीतले नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स चालवत होते. मॉटलीबाई पिवळ्या लीगल पॅडवर टिपणं काढत होत्या. एव्हर्स म्हणाले, पॅड वर्तमानपत्रात लपवा आणि मागे वळून पाहू नका. मागे पोलिसांची गाडी होती. मेरेडिथला प्रवेश मिळाला तो दंगल उसळून, दोन माणसं मेल्यावर, लष्कराच्या पहाऱ्यात. एव्हर्स यांना पुढच्याच वर्षी स्वतःच्या घरासमोर गोळी घातली गेली.

सर्वोच्च न्यायालयात मॉटलीबाईंनी 10 खटले लढवले, 9 जिंकले. हरलेला दहावा होता ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याबद्दलचा. त्यातली भूमिका न्यायालयानं 1986 मध्ये स्वतःच बदलली.

1966 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना न्यूयॉर्कमध्ये फेडरल न्यायाधीश म्हणून नेमलं. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये पहिल्याच. मंजुरी मिळायला सात महिने लागले. विरोधात होते मिसिसिपीचेच सिनेटर, जेम्स ईस्टलंड. मिसिसिपी काही विसरत नाही!

आता वकिलांना उठून ‘युअर ऑनर’ म्हणावंच लागे. 1975 मध्ये एका बड्या लॉ फर्मवर स्त्रियांना डावलल्याचा खटला आला. फर्मचं म्हणणं, या बाई स्वतः स्त्री, शिवाय जन्मभर भेदभावाविरुद्ध लढलेल्या. यांनी बाजूला व्हावं. मॉटलीबाईंनी निकालात लिहिलं, न्यायाधीशाचा वंश, लिंग किंवा पूर्वायुष्य हेच कारण धरलं, तर या कोर्टातल्या एकाही न्यायाधीशाला हा खटला चालवता येणार नाही.

खटला त्यांच्याकडेच राहिला.