देव नसलेलं मखर

पाच खांब, वर घुमट, घुमटावर गरुड. मधली जागा रिकामी.

पेन्सिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर पुतळ्यांना तोटा नाही. या मखरात मात्र कुणी बसलंच नाही. बसणार होता डॅनियल सिकल्स. न्यूयॉर्कचा वकील, काँग्रेसचा म्हणजे अमेरिकी संसदेचा सदस्य आणि अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याचा मेजर जनरल.

आता हे लोखंडी कुंपण बघा. सैनिकांच्या दफनभूमीलगतचं. पूर्वी ते वॉशिंग्टनला, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात होतं. तिथेच २७ फेब्रुवारी १८५९ रोजी सिकल्सने पत्नीच्या प्रियकराला, फिलिप बार्टन कीला, भरदिवसा गोळ्या घातल्या. आपण त्या क्षणापुरते वेडे झालो होतो, असा बचाव केला आणि सुटला. पत्नी तेरेसा आठ वर्षांत वारली.

हे ट्रॉसल कुटुंबाचं कोठार. भिंतीतलं ते भोक तोफगोळ्याचं. २ जुलै १८६३ला सिकल्स इथेच घोड्यावर होता. सेनापती मीडचा हुकूम मागच्या टेकडीची धार धरून राहण्याचा. याला पुढची पीचची बाग उंचावर वाटली. न विचारता त्याने आपली अख्खी कोअर, म्हणजे हाताखालचं सगळं दल, पुढे नेली. चार हजारांवर माणसं मेली, जखमी झाली, हरवली. सिकल्सचा उजवा पाय गेला.

तो पाय हा असा, काचेआड, शेजारी तोफगोळा. हाड त्याने स्वतःच लष्करी वैद्यकीय संग्रहालयाला धाडलं. सोबत कार्ड : मेजर जनरल डी. ई. एस. यांजकडून सप्रेम. पुढे तो ते बघायलाही जायचा!

पण आज ही शेतं, हे दगडी बांध जसेच्या तसे दिसतात, ते कुणामुळे? १८९३ साली इथे विजेची ट्राम आली. रुळांसाठी सुरुंग लावून खडक फोडले. त्याच वर्षी सिकल्स, वय ७३, कुबड्या घेऊन पुन्हा काँग्रेसमध्ये पोचला. रणभूमी सरकारने ताब्यात घ्यावी म्हणून त्याने विधेयक मांडलं. फेब्रुवारी १८९५मध्ये कायदा झाला. वर्षभरात सर्वोच्च न्यायालयानेही ट्राम कंपनीविरुद्ध निकाल दिला : रणभूमी जपण्यासाठी सरकार जमीन घेऊ शकतं.

राहिला पुतळा. न्यूयॉर्कच्या स्मारक समितीचा अध्यक्ष सिकल्सच. हिशेबात हजारो डॉलर कमी भरले, १९१२ला पद गेलं. दोन वर्षांनी तोही गेला.

ट्राम कधीच बंद पडली. खडकांमधून जाणारी ही सपाट पायवाट दिसते ना, ती तिच्याच रुळांची जागा.