पातळ थर, आठवड्यातून तीन रात्री

[दृश्य: टेबलावर क्रीमची छोटी पुडी, शेजारी साबण, टॉवेल आणि आरसा]

या पुडीत अवघं पाव ग्रॅम क्रीम आहे. त्यात इमिक्विमॉड हे औषध साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे 5 टक्के. गुप्तांगाच्या बाहेरच्या भागावर किंवा गुदद्वाराभोवती चामखीळ आली की डॉक्टर अनेकदा हे क्रीम लिहून देतात. लावायचं घरीच असतं, आणि चूक होते तीही घरीच. जागा अशी की कुणाला दाखवायला संकोच वाटतो आणि विचारायला त्याहून जास्त. मग माणूस आपल्या अंदाजाने थर जाड करतो, दिवस वाढवतो, आणि आठवडाभरात चामखीळ तशीच राहून भोवतालची कातडी मात्र सोलून निघते.

हे का होतं ते समजायला आधी औषध काय करतं ते बघू.

[दृश्य: त्वचेचा आडवा छेद, रेखाचित्र]

या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. गुप्तांगावरच्या सुमारे 90 टक्के चामखिळींच्या मागे त्यातले 6 आणि 11 क्रमांकाचे प्रकार असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी मुख्यतः जोडलेले 16 आणि 18 हे प्रकार वेगळे. विषाणू त्वचेच्या वरच्या थरांत राहतो, रक्तात उतरत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता उशिरा लागतो. इमिक्विमॉड नेमकं इथे काम करतं. त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशींना ते जागं करतं, त्या इंटरफेरॉनसारखे पदार्थ सोडतात आणि विषाणूने बाधित झालेल्या पेशींवर हल्ला सुरू होतो.

म्हणजे हे क्रीम चामखीळ जाळत नाही. ते अॅसिड नव्हे. जाड थर लावल्याने काम लवकर होत नाही, फक्त निरोगी कातडीत दाह वाढतो. या औषधाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

[दृश्य: दिनदर्शिकेवर सोमवार, बुधवार, शुक्रवार यांभोवती गोल]

5 टक्क्यांचं क्रीम आठवड्यातून तीनदा, झोपण्यापूर्वी लावायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा मंगळवार, गुरुवार, शनिवार. मधली रात्र मोकळी सोडायची, कारण दाह उतरायला त्वचेला तेवढा वेळ लागतो. याच औषधाचं 3.75 टक्क्यांचं क्रीमही मिळतं, ते रोज रात्री लावतात. त्यामुळे पुडीवरचा टक्का वाचल्याशिवाय कुणाचं वेळापत्रक उचलू नका.

आता प्रत्यक्ष लावणं. जागा सौम्य साबणाने धुवा, टिपून पूर्ण कोरडी करा. हात धुवा. क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन फक्त चामखिळीवर चोळा, पांढरेपणा दिसेनासा होईपर्यंत. चोळल्यावरही पांढरा लेप उरला, तर क्रीम जास्त घेतलंय. एक पुडी सुमारे 20 चौरस सेंटीमीटर जागेला पुरते आणि बहुतेकांच्या चामखिळी त्याहून कितीतरी कमी जागेत असतात. उरलेलं क्रीम टाकून द्या, फोडलेली पुडी पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. पुन्हा हात धुवा. डोळ्याला, ओठाला, नाकपुडीला ते लागता कामा नये.

वर पट्टी नको, प्लास्टिक नको, हवा न खेळणारे घट्ट कपडे नकोत. झाकल्याने औषध जास्त आत शिरतं आणि दाह भडकतो. सुती, सैल अंतर्वस्त्र पुरे. 6 ते 10 तासांनी, म्हणजे सकाळी उठल्यावर, साबण आणि पाण्याने क्रीम धुऊन काढा. मधल्या वेळात अंघोळ नको. आणि दिवसभर तसंच राहू देऊ, असंही नको.

[दृश्य: शरीररचनेची आकृती, बाहेरचा भाग वेगळ्या रंगात]

हे औषध बाहेरच्या त्वचेसाठीच आहे. योनिमार्गात, गर्भाशयमुखावर, मूत्रमार्गाच्या तोंडात किंवा गुदद्वाराच्या आत ते लावायचं नाही. योनिमुखाच्या अगदी कडेला लागलं तरी सूज येऊन लघवी अडू शकते. असं झालं तर क्रीम धुऊन टाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पुरुषाची सुंता झालेली नसेल आणि चामखीळ पुढच्या कातडीखाली असेल, तर कातडी रोज मागे घेऊन जागा धुवायची. कातडी सुजून घट्ट वाटू लागली तर तिथेच थांबायचं.

क्रीम अंगावर असताना शरीरसंबंध नाही. यात तोंडाने आणि गुदद्वाराने होणारे संबंधही आले. क्रीम जोडीदाराच्या त्वचेला लागतं हे एक, आणि त्यातले तेलकट घटक कंडोमचं रबर कमकुवत करतात हे दुसरं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना लाली, खाज, थोडी जळजळ जाणवते. कुठे पापुद्रा सुटतो. इतकं अपेक्षित आहे, औषध कामाला लागल्याची ती खूण असते. पण कातडी ओली होऊन पाझरू लागली, उघडी जखम झाली, चालताना-बसताना दुखू लागलं, तर क्रीम धुवा आणि काही दिवस सुट्टी घ्या. जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, पुन्हा सुरू करता येतं. चुकलेल्या रात्रींची भरपाई करायची नाही, दुप्पट क्रीम तर मुळीच लावायचं नाही. काहींना अंगदुखी, कणकण, थकवा येतो, तापासारखं वाटतं. क्रीम त्वचेवर असलं तरी त्याने जागं केलेल्या यंत्रणेचा परिणाम सगळ्या शरीरात जाणवू शकतो. बरी झालेली जागा कधीकधी फिकट किंवा गडद दिसते, आणि हा बदल काही जणांत कायम राहतो. हे आधीच सांगायला हवं, पण घाईच्या तपासणीत ते राहून जातं.

[दृश्य: बाटली आणि कापूसकाडी]

डॉक्टरांनी पोडोफायलोटॉक्सिन दिलं असेल, तर सगळा हिशोब वेगळा. ते पेशींचं विभाजन थांबवून चामखीळ मारतं. 0.5 टक्क्यांचं द्रावण सकाळ-संध्याकाळ असं तीन दिवस लावायचं, मग चार दिवस पूर्ण बंद. अशा जास्तीत जास्त चार फेऱ्या. दिवसाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त नाही आणि एकूण जागा 10 चौरस सेंटीमीटरच्या आत. द्रावण वाळेपर्यंत कातडीच्या घड्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. गरोदरपणात हे औषध वर्ज्य आहे. इमिक्विमॉडही गरोदर बाईने आपल्या मनाने लावू नये. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी तपासणी.

हातापायाच्या चामखिळीसाठी दुकानात मिळणारं सॅलिसिलिक अॅसिड इथे कधीही वापरू नका. या भागाची त्वचा नाजूक असते, तिथे ते भाजल्यासारखी जखम करतं. त्या जागचे केस वस्तऱ्याने काढणंही उपचार चालू असेपर्यंत टाळा. बारीक चिरा पडतात आणि विषाणूला शेजारची जागा मिळते.

[दृश्य: डॉक्टर भिंग घेऊन तपासताना, रुग्णाचा चेहरा दिसत नाही]

या सगळ्याच्या आधी मात्र ती चामखीळच आहे, याची खात्री व्हायला हवी. शिश्नाच्या टोकाभोवती ओळीने असणारे बारीक मोत्यासारखे दाणे निसर्गतःच असतात, त्यांना औषध लागत नाही. ओलसर, चपटे उंचवटे सिफिलिसचे असू शकतात. त्यावर हे क्रीम चोळत बसलात तर खरा आजार आत वाढत राहतो. रक्ततपासणीत तो कळतो. गाठ काळपट असेल, रक्त येत असेल, कडक लागत असेल, तर आधी तुकडा तपासायला पाठवावा लागतो.

5 टक्क्यांच्या इमिक्विमॉडची कमाल मुदत 16 आठवडे. चाचण्यांत 5 टक्क्यांच्या क्रीमने 72 टक्के स्त्रियांच्या आणि 33 टक्के पुरुषांच्या चामखिळी पूर्ण गेल्या. पुरुषांमध्ये त्या बऱ्याचदा जाड, कोरड्या त्वचेवर असतात आणि तिथून औषध कमी मुरतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून चौथ्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून खचू नका. सोळाव्यानंतर मात्र रेटत राहू नका. गोठवणं, विजेच्या उपकरणाने जाळणं, कापून काढणं हे मार्ग उरलेले असतात.

चामखीळ गेली तरी विषाणू काही काळ त्वचेत राहू शकतो. ती पुन्हा उगवते ती बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, तेव्हा या काळात महिन्यातून एकदा आरसा घेऊन जागा नीट बघा. लागण आणि चामखीळ यांत कित्येक महिने जाऊ शकतात, त्यामुळे कुणाकडून आली याचा माग काढता येत नाही आणि तेवढ्यावरून जोडीदारावर बोट ठेवता येत नाही. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी ठरल्या वेळी करायचीच, चामखीळ आली म्हणून ती जास्त वेळा करण्याची गरज नसते.

[दृश्य: कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला पुड्यांचा खोका]

उरलेल्या पुड्या 25 अंशांखाली, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात नको. मुदत संपल्याची तारीख खोक्यावर असते. पुढच्या तपासणीला जाताना तो खोका आणि कोणत्या रात्री क्रीम लावलं त्याची नोंद, दोन्ही बरोबर न्या.