उद्यमनगरातला जॉब आणि संगणकावरची नोकरी

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. लेथवर फिरणारा लोखंडी भाग.]

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ‘जॉब’ म्हणजे लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरलेला, आकार घेत असलेला लोखंडी भाग. टर्नर किती वर्षे धंद्यात आहे हे ग्राहक विचारतो खरा, परंतु काम देण्यापूर्वी तो त्याने केलेला जॉब हातात घेतो, व्हर्नियर हे सूक्ष्म मापाचे साधन लावतो आणि माप ड्रॉइंगशी ताडून पाहतो. संगणक क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या अभियंत्यालाही आपला जॉब असाच समोरच्याच्या हातात ठेवता आला पाहिजे.

[दृश्य: राजारामपुरीतील एक घर. रात्री उशिरा सुरू असलेला लॅपटॉप.]

पुण्यात किंवा बंगळूरमध्ये नोकरी गेली, म्हणून घरी परतून येथूनच शोध घेणारे अनेक जण आहेत. मुलाखतीच्या पहिल्या फेऱ्या बहुधा व्हिडिओ कॉलवर होतात, त्यामुळे अंतराची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण बायोडेटात असते. अनेक कंपन्यांत तो माणसाआधी एक सॉफ्टवेअर वाचते; दोन रकाने, छायाचित्र आणि कौशल्यापुढे काढलेल्या चांदण्या यांमुळे त्या वाचनात गोंधळ होण्याची शक्यता असते. म्हणून साधा, एकाच रकान्याचा मजकूर असावा.

तथापि खरा प्रश्न मजकुराच्या मांडणीपेक्षा त्यातील वाक्यांचा आहे. ‘बॅकएंड (वापरणाऱ्याला न दिसणारा, सर्व्हरवरचा भाग) विकासात सहभाग’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी, ‘ऑर्डर नोंदविणाऱ्या सेवेतील संथ क्वेरी शोधली, योग्य इंडेक्स जोडला आणि प्रतिसादाचा वेळ ४ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणला’, असे लिहिले तर मुलाखत घेणाऱ्याला विचारण्यासारखे बरेच काही मिळते. (क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, इंडेक्स म्हणजे ती माहिती लवकर सापडावी म्हणून केलेली सूची.) ती क्वेरी कशी सापडली, हाच इंडेक्स का निवडला, त्यामुळे नवीन नोंदी लिहिण्याचा वेग किती घटला, असे प्रश्न येतात आणि ज्याने ते काम स्वतः केलेले असते त्याला उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. आकडा मात्र खराच असावा. मोजमाप केले नसेल, तर काय बदलले ते साध्या शब्दांत लिहावे.

[दृश्य: शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री. साच्यात ओतला जाणारा तप्त रस.]

जुन्या कंपनीचा कोड बाहेर दाखविणे कराराचा भंग ठरू शकते, आणि नव्या पदवीधराकडे तर असा कोडही नसतो. अशांनी स्वतःचे एक छोटे पण पूर्ण काम उभे करावे, आणि त्यासाठी कोल्हापूरइतकी चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. एखाद्या फाउंड्रीत जाऊन, कोणत्या हीटमधील (एका वेळी वितळविलेल्या धातूतील) किती कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कोणत्या दोषामुळे नाकारली गेली याची वही पाहावी, मालकाच्या परवानगीने ती नोंद ठेवणारी प्रणाली तयार करावी आणि कामगार ती रोज वापरू लागेपर्यंत तिच्यात सुधारणा करीत राहावे. मग मालकाची माहिती वगळून तो कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावा. सोबत प्रश्न काय होता, प्रणाली कशी चालवायची आणि काय अपुरे राहिले, हे एका पानात लिहावे. दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा असे एक काम मला अधिक मोलाचे वाटते.

खोटे अनुभवपत्र विकत घेण्याचा मोह काहींना होतो. भविष्य निर्वाह निधीच्या १२ अंकी यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा सदस्य क्रमांक) खात्यात हा निधी लागू असलेल्या प्रत्येक आस्थापनेत रुजू झाल्याची आणि ती सोडल्याची तारीख नोंदलेली असते, आणि पडताळणीत ती पाहिली जाऊ शकते. लबाडी उघड झाल्यास रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. कपातीमुळे पडलेला खंड लपविण्याचे तर काहीच कारण नाही. घरी येणारे पाहुणे दर वेळी विचारतात, तेव्हा मन खचते हे खरे आहे. परंतु मुलाखतीत ‘आमचा पूर्ण विभाग बंद झाला’ हे एक वाक्य पुरते.

[दृश्य: रंकाळ्याच्या काठावर फोनवर संदेश लिहिणारी तरुणी.]

महाविद्यालयातील दादा किंवा ताई एखाद्या कंपनीत असतील, तर त्यांना अवश्य लिहावे. ‘रेफर करा ना’ एवढेच लिहून त्यांच्यावर शोधाशोधीचे काम टाकू नये. जागेचा क्रमांक, आपण त्या जागेसाठी योग्य का आहोत हे सांगणाऱ्या तीन ओळी आणि बायोडेटा एकत्र पाठवावा. संकोच नको, कारण अनेक कंपन्या अशा शिफारशीसाठी आपल्या कर्मचाऱ्यांना बक्षीसही देतात.

नोंदणी शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत कोणी मागितली, तर तेथेच थांबावे. पैसे गेलेच असतील, तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

[दृश्य: पुण्याकडे निघालेली एसटी.]

प्रस्ताव आल्यावर वार्षिक आकड्याला बाराने भागून समाधान मानू नये. त्या आकड्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम बहुधा धरलेली असते. ती दरमहा हातात पडत नाही. दरमहा नेमके किती मिळतील हे लेखी विचारावे, त्यातून पुण्यातील भाडे वजा करावे आणि मगच कोल्हापुरातील कमी पगाराच्या नोकरीशी तुलना करावी. सध्या नोकरी असेल, तर हातात स्वाक्षरीचे नियुक्तिपत्र पडेपर्यंत राजीनामा देऊ नये, कारण नोटिशीचे दिवस (अनेक कंपन्यांत ९०) राजीनामा दिल्यापासून मोजले जाऊ लागतात.